गोदीचा दगड : प्रकल्प नोंदी

९ जानेवारी २०२४

डोंगरीतल्या एका जुन्या चाळीच्या चिटणिसांचा फोन. "ताई, दगडावर नावं कोरायची आहेत. येत्या १४ एप्रिलला ८० वर्षं होतात." कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मलाही विचारावं लागलं नाही. मस्जिद बंदर ते माझगाव या पट्ट्यात १४ एप्रिल म्हटलं की दोनच गोष्टी, बाबासाहेबांची जयंती आणि गोदीचा स्फोट, १९४४ साली दारूगोळ्याचं जहाज धक्क्यावरच उडालं तो.

चाळ गावकीच्या खोल्यांची. एकेका खोलीत एकेका गावचे वीस-पंचवीस चाकरमानी, भिंतीला पेट्या, पेट्यांवर वळकट्या, पाळीनुसार झोप. बरेच गिरणीत होते, काही गोदीत. आता बहुतेक खोल्यांना कुलूप, पण मंडळं जिवंत आहेत.

काम असं : चौकातल्या भिंतीत बसवायचा दगड, सहा फूट बाय तीन फूट. अक्षरं मी काढायची. नावं किती, विचारलं तर म्हणाले, "यादी कुठाय आमच्याकडे? तीपण तुम्हीच बघा ना." अक्षरांसाठी बोलावलं आणि शोधकाम गळ्यात पडलं. पैसे वर्गणीतून येतील तसे. हो म्हटलं.

१२ जानेवारी

भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जाऊन आले. जवानांचं स्मारक तिथं आहे. दर १४ एप्रिलला मानवंदना होते आणि त्याच दिवशी देशभर अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होतो, तो २० तारखेपर्यंत. मेलेल्या जवानांचा आकडा बहुतेक ठिकाणी ६६ दिलेला असतो, काही ठिकाणी ७१. गणवेशातली माणसं, रोजची हजेरी घेतली जाणारी, तरी आकडे दोन. मग हातात हूक घेऊन रोजंदारीवर आत गेलेल्याचं काय होणार, हा हिशेब परतीच्या बसमध्येच डोक्यात सुरू झाला.

येताना पी. डिमेलो रस्त्यावर उतरले. गोदी कामगारांच्या पुढाऱ्याचं नाव असलेला रस्ता, डोक्यावर फ्रीवे, खाली ट्रेलरच्या रांगा. व्हिक्टोरिया गोदी आता भरून टाकली आहे, शेजारची प्रिन्सेसही. जहाज जिथं पाण्यावर उभं होतं तिथं जमीन आहे. फोटो काढायला काहीच नव्हतं, म्हणून चहा प्यायले.

१५ जानेवारी

दगडावर घटनेबद्दल किती ओळी? चिटणिसांना पंधरा हव्यात, मला दोन. आधी सगळं लिहून काढल्याशिवाय काटछाट करता येत नाही, म्हणून इथं उतरवते.

फोर्ट स्टिकीन, ७,१४२ टनांचं मालवाहू जहाज, १९४२ साली कॅनडात बांधलेलं. २४ फेब्रुवारी १९४४ला इंग्लंडातल्या बर्कनहेडहून निघालं. पोटात १,३९५ टन स्फोटकं आणि दारूगोळा, लढाऊ विमानं, आणि ८ लाख ९० हजार पौंडांचं सोनं. कराचीत थोडा माल उतरला आणि त्या जागी कापसाच्या गाठी, तेलाची पिंपं, लाकूड असं काय काय चढलं. १२ एप्रिलला मुंबईत येऊन व्हिक्टोरिया गोदीच्या १ नंबरच्या धक्क्याला लागलं. असा माल आणणाऱ्या जहाजाने लाल बावटा लावायचा असतो, तो लावलेला नव्हता.

१४ तारीख, शुक्रवार. दुपारच्या जेवणाच्या सुमारास २ नंबरच्या फालक्यातून धूर. फालका म्हणजे हॅच. हा खलाशांचा शब्द, चाळीतले म्हातारे अजून तोच वापरतात. बंब आले, ९०० टनांहून जास्त पाणी ओतलं गेलं. पाणी चढेल तसा पेटता कापूस तरंगत वर गेला, आणि वर स्फोटकं होती. ३ वाजून ५० मिनिटांनी जहाज सोडायचा हुकूम झाला. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. ११-१२ किलोमीटरवरच्या काचा फुटल्या. शेजारची जहाजं बुडाली, जलपद्मा नावाचं जहाज उचलून शेडवर आपटलं. जळता कापूस मांडवीच्या वस्तीवर पडला आणि धान्याची कोठारं पेटली. आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले. पाच लाख टन ढिगारा उपसायला आठ हजार माणसं सात महिने राबली.

युद्धाचे दिवस असल्यामुळे बातमी दाबली गेली. जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने १५ तारखेलाच सांगून टाकलं. इथल्या वर्तमानपत्रांना छापायची मुभा मिळाली ती मे महिन्यात. ज्यांच्या घरातला माणूस परतला नव्हता, त्यांनी जवळजवळ महिनाभर काय वाचलं असेल?

मेलेल्यांचा आकडा ८०० ते १,३०० असा सांगतात. इतका सैल आकडा दोन ओळींत कसा बसवायचा ते नंतर बघू.

२० जानेवारी

दगडवाल्यांकडे फेऱ्या. जो तो ग्रॅनाईटच पुढे करतो : काळा कुळकुळीत, आरशासारखा, वर लेझर मारून सोनेरी रंग. "मॅडम, तासाभरात होईल." होईलही. शहरातल्या निम्म्या इमारतींच्या कोनशिला तासाभरात झाल्या आहेत आणि वाचताना त्यात स्वतःचं तोंड दिसतं.

मला आपला काळा पाषाण हवा, सह्याद्रीचा. आणि हाताने कोरलेला. शेवटी मामांकडे गेले. मामा पाथरवट, आयुष्य जाती-पाटे, देवळाच्या पायऱ्या आणि थडग्यांचे दगड घडवण्यात गेलं. दगड दाखवल्यावर त्यांनी हातोडीच्या दांड्याने ठिकठिकाणी ठोकून ऐकला. एका कोपऱ्यात बद्द वाजला. "हा नको. पोटात भेग आहे." दुसरा घेतला. तीन इंच जाड, वजन साडेतीनशे किलोच्या आसपास भरेल.

२९ जानेवारी

नावांचा शोध. पहिला धडा असा की हजेरीपटच नव्हता.

जहाजावर माल चढवणारा-उतरवणारा मजूर बंदराचा नोकर नसे. जहाज कंपनी स्टीव्हडोरला, म्हणजे माल हाताळणाऱ्या ठेकेदाराला, काम देई, स्टीव्हडोर टोळीवाल्याला सांगे, टोळीवाला सकाळी गेटवर उभा राहून माणसं उचली. आज या टोळीत, उद्या त्या टोळीत, परवा घरी. पगार टोळीवाल्याच्या हातून. त्याच्या वहीत असेल तर नाव, आणि ती वही त्याच्या खिशात. तो खिसाही त्या दिवशी धक्क्यावरच असणार. गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा १९४८ साली झाला आणि मुंबईत योजना १९५१ला लागू झाली. तेव्हा कुठे मजुराची रीतसर नोंदणी सुरू झाली. म्हणजे आपल्या माणसांना सात वर्षं उशीर झाला.

गोदीच्या निरनिराळ्या सेवांतले २३१ जण गेले असा आकडा मिळतो, त्यातच अग्निशमनवाले धरलेले. त्यातून ६६ काढले तर १६५. हे कुणाच्या ना कुणाच्या कागदावर असलेले. याशिवाय ५०० हून जास्त "नागरिक" गेले असं सांगतात; कागदावर नसलेले आपले मजूर त्यांच्यात मोजले गेले असणार.

हे चौकात बसून सांगत होते, तर एक आजोबा म्हणाले, "सोन्याच्या विटा किती होत्या ते ठाऊक आहे का? एकतीस पेट्या, पेटीत चार. अजून सापडतात." खरं आहे, २०११ सालीसुद्धा गाळ उपसताना सापडल्या होत्या. आजोबा पुढे काही बोलले नाहीत, पंच्याने पाठ पुसत उठून गेले.

३ फेब्रुवारी

वाट सापडली. गावमंडळाच्या खोलीची वही.

प्रत्येक खोलीला वर्गणीची वही असायची. कोण राहतो, महिन्याचे किती दिले, गावच्या शिमग्याला किती, भांडीकुंडी कोणाच्या नावावर. तीन खोल्यांच्या वह्या ट्रंकेत निघाल्या. लाल कापडी बांधणी, वाळवीने कडा खाल्लेल्या, एका वहीचा अर्धा भाग मोडीत. मोडी वाचणारे सर दादरहून आले. निवृत्त शिक्षक, सोबत भिंग आणि स्वतःची उशी, कारण जमिनीवर बसून वाचायची सवय.

एक पान जसं दिसलं तसं लिहून ठेवते. डावीकडे नावांचा उभा रकाना, पुढे महिन्यांची घरं. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च भरलेले. एप्रिलपासून तीन नावांपुढची घरं कोरी. पहिल्या नावापुढे "मयत", तारीख नाही, खाली "घरी पाठविले" आणि रक्कम. दुसऱ्यापुढे तेच. तिसऱ्यापुढे एकच शब्द, "गोदी". शाई पसरलेली, बहुतेक ओल्या बोटाने पान उलटलं असावं.

सरांनी भिंग खाली ठेवून विचारलं, "गोदी म्हणजे काय समजायचं?" सगळ्यांनी एकच समजलं.

११ फेब्रुवारी

नियम ठरवला : दगडावर नाव जायचं तर दोन पुरावे हवेत. वही हा एक. दुसरा घरच्यांचा शब्द, किंवा मनीऑर्डरची पावती, किंवा गावच्या देवळातल्या पाटीवरचं नाव. काहीही चालेल, पण दोन हवेत.

कुठे इंग्रजीतला कागद मिळतो तेव्हा वेगळीच पंचाईत. राणे की राने, धाकू की ढाकू, पारटे की परते, रोमन लिपीला फरकच नाही. आडनाव गावाशी जुळवून बघायचं. अमुक गावात पारटे आहेत, परते नाहीत, मग पारटे. काही ठिकाणी आडनावच नाही, नाव-बाप-गाव एवढंच. ते तसंच कोरायचं. उगाच आडनाव चिकटवायचं नाही.

आजपर्यंत १४ पक्की, ५ अर्धवट.

१८ फेब्रुवारी

मंडळाची बैठक. अडीच तास, त्यातले दोन तास एका शब्दावर.

"हुतात्मे" हवं, असं बहुमत. मी विरोध केला. मुंबईत हुतात्मा म्हटलं की फ्लोरा फाउंटन आणि १०६ जण. ते जाणूनबुजून रस्त्यावर उतरले होते. हे शुक्रवारी रोजावर गेले होते. एकाने विचारलं, मग काय "मृत" लिहायचं, मयताच्या दाखल्यासारखं? शेवटी एका वहिनींनी सुचवलं : "कामावर असताना गेलेले". सासरे गोदीत होते त्यांचे. मला तत्क्षणी पटलं, बाकीच्यांना चहानंतर.

दुसरा वाद सिगारेटीचा. चौकशी आयोगाने आग अपघाताने लागली असं ठरवलं, बहुधा कुणीतरी टाकलेल्या सिगारेटीसारख्या कशाने तरी. एक तरुण सदस्य म्हणाला, "म्हणजे आपल्याच माणसांनी लावली असं पोरांना सांगायचं?" मी म्हटलं, सांगायचं. आणि हेही सांगायचं की कापूस कराचीत चढला, स्फोटकं इंग्लंडातून आली, आणि दोन्ही २ नंबरच्या फालक्यात वर-खाली रचायचं मुंबईच्या मजुराने ठरवलं नव्हतं. बिडी ओढणारा टोळीतला माणूस रोज बिडी ओढत होता; रोज गोदी उडत नव्हती. यावर टाळ्या पडल्या, ज्या मला नको होत्या. दगडावर कारण लिहायचं नाही, एवढं मंजूर झालं.

तिसरा मुद्दा : नावं न सापडलेल्यांसाठी खाली एक फूट जागा कोरी सोडावी. कल्पना सगळ्यांना आवडली. मामा तोवर गप्प होते. म्हणाले, "कोरी जागा ठेवलीत तर आठ दिवसांत कोणीतरी वाढदिवसाचा स्टिकर चिकटवील. नाहीतर पिचकारी." मुद्दा रद्द.

२१ फेब्रुवारी

मस्जिद बंदरच्या खलाशीगृहाबद्दल सर सांगत होते. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक हिंदी खलाशांचं स्मारक तिथं आहे. दुसऱ्या महायुद्धातल्यांचं स्मारक म्हणजे एक बांधीव पुस्तक. तसंच दुसरं चितगावला. "पुस्तकाचं बरं असतं," सर म्हणाले, "चुकलं तर खोडता येतं." मी हसले. दगडाचं मोजमाप तोवर झालं होतं.

२७ फेब्रुवारी

अक्षरं. कच्चा छाप काढायला एका दुकानात दिला, तर परत आलेल्या कागदावर ल आणि श हिंदी वळणाचे! संगणकातला टंक आपोआप बदलला होता. मराठी भाषा दिनाच्या दिवशीच. कागद मामांना दाखवला असता तर त्यांनी तसंच कोरलं असतं, दोष माझाच ठरला असता. आता सगळं हातानेच काढते, जुन्या निर्णयसागर छापखान्याच्या टंकाच्या वळणाजवळ जाणारं, पण जाड-बारीकचा फरक कमी. दगडात बारीक रेघ टिकत नाही.

अक्षराची उंची ३२ मिलिमीटर, खोली ४, काप इंग्रजी व्हीसारखा. शिरोरेघ अखंड ठेवली तर प्रत्येक ओळीत पाण्याची पन्हळ तयार होते. म्हणून शब्दाच्या टोकाला तिचा तळ किंचित उतरता. अनुस्वार गोल छिद्र, सामत्याने पाडलेलं. रफार आणि उकाराची टोकं बोथट. मामा म्हणाले, "टोकदार शेपूट ठेवली की ती पहिली उडते. माझ्या टाकीने नाही उडवली तर पोरांचा चेंडू उडवील."

८ मार्च

कोरायला सुरुवात होऊन तीन दिवस झाले. पाचवं नाव चालू असताना दगडात डोळा निघाला. काळ्या पाषाणात पांढऱ्या गारेचे असे पोकळ डोळे असतात, हरभऱ्याएवढे, कधी सुपारीएवढे. वरून दिसत नाहीत. टाकी आत गेली आणि "म"च्या पोटातून साखरेसारखे स्फटिक सांडले. अर्धा दिवस काम थांबलं. भरायचं की तसंच ठेवायचं? दगडाची भुकटी एपॉक्सीत कालवून भरलं. उन्हात तिरकं बघितलं तर तो "म" बाकीच्यांपेक्षा जरा राखाडी दिसतो. मामांना तो खटकतो, मला नाही.

रोज दोन नावं होतात. तिसऱ्याला हात जड पडतो.

१७ मार्च

काल निवडणुकीची आचारसंहिता लागली. अनावरणाला बोलावलेले लोकप्रतिनिधी आता येऊ शकत नाहीत, त्यांच्या नावाची छोटी पाटीही बाद. चिटणीस हिरमुसले. "त्यांनी मंडपाचा खर्च द्यायचं कबूल केलं होतं हो." मंडप कशाला, चौकाला पत्रे आहेत. मला आतून बरं वाटलं, पण तोंड सरळ ठेवलं.

१९ नावं पूर्ण. वर्णक्रमाने, एकाखाली एक.

२३ मार्च

संगमेश्वर तालुक्यातून फोन. तिकडच्या एका मुंबईकराने यादीचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकला होता. बाईंचा आवाज तरणा, चिडलेला नाही, गोंधळलेला. "ते अकरावं नाव आमच्या आजोबांचं आहे. पण आजोबा तर मी आठवीत असताना गेले."

मी विचारलं, कोणत्या साली. म्हणाल्या, १९८६.

२४ मार्च

होळीचा दिवस, रात्री झोप नाही. वही पुन्हा काढली. अकरावं नाव म्हणजे ते तिसरं, ज्याच्यापुढे नुसतं "गोदी" होतं. दुसरा पुरावा म्हणून मी धरला होता एका शेजाऱ्याचा शब्द : "ते परत आलेच नाहीत, आमचे वडील सांगायचे." शेजाऱ्याने खोटं सांगितलं नव्हतं. खोलीवर ते परत आलेच नव्हते. शब्द घरच्यांचा हवा होता, मी शेजाऱ्याचा चालवून घेतला, कारण मार्च उजाडला होता आणि १९ ऐवजी १८ झाली असती. चूक सर्वस्वी माझी. मंडळाला तसं लिहून कळवलं.

२७ मार्च

त्या बाई ठाण्याला राहतात, स्वतःहून आल्या. सोबत त्यांचे काका, ऐंशीच्या पुढचे. काकांनी जे सांगितलं ते :

त्यांचे वडील त्या दिवशी टोळीत होते, पण २ नंबरला नव्हते, पलीकडच्या धक्क्यावर होते. पहिला स्फोट झाला तेव्हा पडले. उठले आणि चालायला लागले. खोलीकडे वळलेच नाहीत. पेटी खोलीत, पेटीत चार महिन्यांचे पैसे. गावी कसे पोहोचले ते त्यांनी कधी नीट सांगितलं नाही. एका कानाने बहिरे झाले. पुढे बेचाळीस वर्षं जगले, भात लावला, मुंबईचं नाव काढलं नाही. पेटी कोणी आणली नाही, कोणी मागितलीही नाही. "खोलीवाल्यांना वाटलं असेल गेला," काका म्हणाले. "त्यांनाही तेच हवं असेल, कोणी बोलवायला नको."

मी माफी मागितली. काका दगडासमोर उभे राहिले, बापाच्या नावावरून अंगठा फिरवला. मग मामांकडे बघून म्हणाले, "मेल्याची आवई उठली की आयुष्य वाढतं म्हणतात. बाबांचं वाढलं ते यांच्यामुळेच म्हणायचं." चौकात पहिल्यांदा सगळे हसले.

नाव काढायचं, हे मात्र त्यांनी ठाम सांगितलं. मेलेल्यांच्या रांगेत जिवंत राहिलेला नको, ज्यांची माणसं खरंच गेली त्यांना काय वाटेल.

३० मार्च

नाव काढायचं म्हणजे काय, ते मामांशी बोलणं. उपाय तीन. सगळा दगड पाच मिलिमीटर घासून उतरवायचा आणि १८ नावं पुन्हा कोरायची : तीन आठवडे, हातात दोन. ओळीपुरता चौकोन कापून दगडाचं ठिगळ बसवायचं : होईल, पण सांधा दिसणार आणि पावसात सुटणार. तिसरा उपाय, ती ओळ अक्षरांच्या तळापर्यंत उतरवायची आणि टाकीने खडबडीत सोडायची, पायरीला घसरू नये म्हणून करतात तशी.

तिसरा. दोन दिवसांचं काम मामांनी सहा तासांत केलं. टाकी उभी धरून, घावाला घाव लावून, डावीकडून उजवीकडे. अक्षरं एकेक करून गेली, सगळ्यात शेवटी एक उकार. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही ही म्हण मामांना ऐकवली, तर म्हणाले, "मी देव कमी घडवले, पायऱ्या जास्त."

दहाव्या आणि बाराव्या नावांमध्ये आता हाताच्या रुंदीचा एक चरबरीत पट्टा आहे.

९ एप्रिल

पाडवा. दगड बसवला. साखळीची कप्पी, दोन बांबूंची घोडी, पोरं आठ. साडेतीनशे किलोचं धूड भिंतीच्या खोबणीत न्यायचं, प्रत्येकाची वेगळी सूचना, कोलाहल. तेवढ्यात सोन्याच्या विटांवाले आजोबा खुर्चीतून उठले. विंचमन, म्हणजे माल उचलायचं यंत्र चालवणारे, होते ते गोदीत, सत्तरच्या दशकात. हात वर केला : "हाबेस!" साखळी ओढली गेली. "बस." तळवा खाली : "आरिया... आरिया... हळू आरिया." पोरांनी हे शब्द आयुष्यात ऐकले नव्हते, पण हात बघून बरोबर कळत होतं. दगड खोबणीत बसला तेव्हा ओळंबा लावला, दोन मिलिमीटरचा फरक. आजोबांनी पाचर कुठे मारायची तेही दाखवलं आणि पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. श्रीखंड झालं.

१४ एप्रिल

रविवार. बाहेर जयंतीचे ट्रक, निळे झेंडे, डीजे. चिटणिसांना काळजी की आपला कार्यक्रम ऐकूच येणार नाही. भाषणं दोनच, दोन्ही लहान, आचारसंहितेची कृपा. ४ वाजून ६ मिनिटांनी कापड काढलं. तेव्हा नेमका मिरवणुकीचा ट्रक कोपऱ्यावर होता. चाळीतला एक मुलगा धावत गेला, काहीतरी बोलला आणि डीजे मिनिटभर थांबला. हे कोणी ठरवलेलं नव्हतं.

वरची ओळ शेवटी अशी : "१४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत कामावर असताना गेलेले." खाली १८ नावं. आकडा कुठलाच नाही, ना ८००, ना १,३००.

लोक नावांवरून हात फिरवत पुढे सरकत होते. एक म्हातारी पट्ट्यापाशी थांबली. "इथलं नाव कुठं गेलं?"

चिटणीस म्हणाले, "तो वाचला, आजी."

तिने झेंडूचं फूल आणलं होतं ते त्याच पट्ट्याच्या कडेवर टेकवलं. खडबडीत असल्यामुळे तेवढ्याच जागी फूल टिकतं. संध्याकाळपर्यंत तिथं सात-आठ झाली.

२८ एप्रिल

हिशेब दिला. दगड, मामांची मजुरी, वाहतूक, एपॉक्सी, सरांचा टॅक्सीखर्च (त्यांनी परत केला). मंडळाने एक लाल कापडी वही बांधून घेतली आहे, चिटणिसांच्या टेबलात असते. पुढे नाव घेऊन कोणी आलं तर आधी वहीत, पेन्सिलीने. आतापर्यंत चार आली आहेत. दोन पुराव्यांचा नियम पहिल्या पानावर माझ्या हाताने लिहिला, आणि त्याखाली "शेजारी चालणार नाही".

२३ जून

पहिला जोरदार पाऊस झाल्यावर बघायला गेले. शिरोरेघांचा उतार काम करतोय, ओळींत पाणी थांबत नाही. "म"मधलं भरण शाबूत. अनुस्वारांच्या छिद्रांत मात्र पाणी उभं राहतं. तळाशी तिरकं भोक पाडून बघायला हवं होतं, ते सुचलं नाही.

खडबडीत पट्टा अपेक्षेप्रमाणे पाणी धरतो. श्रावणापर्यंत तिथं शेवाळ येणार, आणि बाकी दगड काळा असताना तेवढी एक ओळ हिरवी दिसेल. मामांना फोन केला. म्हणाले, नायलॉनचा ब्रश आणि नुसतं पाणी. साबण नको, ॲसिड तर अजिबात नको. चिटणिसांना तसं लिहून दिलं. ते म्हणाले, "ठाण्याच्या त्या बाईंनी सांगून ठेवलंय, पट्टा त्या घासणार. दर पावसाळ्यानंतर येतील म्हणाल्या."